दिवाळीत नागपुरातल्या व्यापारी क्लायंटना भेटायला कधी जावं?

लाभपंचमीनंतरच्या (कार्तिक शुद्ध पंचमी) आठवड्यात जा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुळीच नको. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांचे हिशेब मी सांभाळतो; त्या संध्याकाळी वहीपूजन, गिऱ्हाईक, घरचे, सगळं एकदम असतं आणि तुमचा मिठाईचा डबा न उघडताच कोपऱ्यात जातो. लाभपंचमीला बरेच गुजराती-मारवाडी व्यापारी मुहूर्त करून पेढी उघडतात. त्यानंतर चार दिवस धंदा मंद असतो, चहा मागवला जातो, शेठजी स्वतःहून विचारतात, "काय चाललंय सध्या?" संत्रा बर्फी पुरे (बाहेरगावचे असाल तर तुमच्या गावचं काही आणा, बर्फी त्यांच्याकडे ढीगभर असते). कोटेशन घेऊन जाऊ नका, उधारीचा विषय तर चुकूनही नको. सरकारी अधिकाऱ्यांना मात्र भेटवस्तू देऊ नका, राज्य कर्मचाऱ्यांसाठीचे 1979 चे वर्तणूक नियम आडवे येतात. नुसत्या शुभेच्छा द्या, त्याही डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची धावपळ सुरू व्हायच्या आत.