चढ आधीच उरकून घ्या

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येतोय. मी ६४ वर्षांचा, ही ५९ ची. महिन्यातून एकदा आतकरवाडीतून सिंहगड चढतो, पण उतरताना हिचा डावा गुडघा कुरकुरतो. दोन-अडीच तासांची, निघालो तिथेच परत आणणारी जंगलातली वाट सुचवाल का? मुलगी म्हणते ॲपवर बघा. आम्हाला माणसाने सांगितलेली हवी आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओकलंडच्या डोंगरातलं रेडवूड रीजनल पार्क. २०१९ पासून नावात पुढे ‘राइनहार्ट’ जोडलंय, आमच्या तोंडी अजून रेडवूडच. रेडवूड रोडच्या गेटने आत शिरा आणि कॅन्यन मेडोला गाडी लावा. तिथून स्ट्रीम ट्रेल, प्रिन्स रोड, ईस्ट रिज आणि कॅन्यन ट्रेल असा साधारण सहा किलोमीटरचा फेरा होतो. चढ सिंहगडाच्या निम्माही नाही.

बहुतेक लोक याच क्रमाने जातात. तुम्ही उलटे जा. कॅन्यन ट्रेलचा खडा चढ पाय ताजे असताना उरकून टाका, मग ईस्ट रिजच्या रुंद, उघड्या वाटेवरून चाला. तिथे मोकळी सोडलेली कुत्री अंगाशी येतात. मालक लांबून ‘फ्रेंडली आहे’ म्हणून ओरडतो, तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. पुढे प्रिन्स रोडने उतरलात की ओढ्याकाठची सपाट, सावलीची वाट थेट गाडीपर्यंत. प्रिन्स रोडही उताराचाच आहे, पण तो मध्येच संपतो आणि शेवटी गुडघ्याला आराम मिळतो. फेरा नकोच वाटला, तर नुसत्या स्ट्रीम ट्रेलने जाऊन परत या.

हे शहाणपण आईमुळे आलं. तिला मी सगळ्यांसारखी सरळ क्रमाने नेली. आदल्या रात्री पाऊस झालेला, कॅन्यन ट्रेलच्या उतारावर चिखल. पाय सटकला तशी तिने कडेची वाळकी काडी धरली आणि बसकण मारली. लागलं काही नाही. दोन दिवसांनी मात्र हातावर पुरळ उठलं ते पंधरा दिवस. ती काडी पॉयझन ओकची! पळसाला पाने तीन, तशी यालाही तीनच. पण थंडीत ती झडतात आणि उरलेल्या काड्याही तितक्याच खाज आणतात. म्हणून दोघांसाठी काठ्या घ्या आणि झुडपांना हात लावू नका. घरी आल्यावर साबणाने स्वच्छ धुवा.

तुम्ही अगदी योग्य वेळी येताय. प्रिन्स रोड जिथे ओढ्याला मिळतो, तिथे थंडीत लेडीबग गोळा होतात. आपल्याकडे शेतकरी ज्यांना ढालकिडे म्हणतात तेच. पहिल्यांदा मला कुंपणाच्या खांबाला गंज चढल्यासारखं वाटलं. जवळ गेले तर गंज हलत होता. एकावर एक, हजारोंनी, गवताच्या पात्यांवरसुद्धा. गार सकाळी ते निपचित असतात, ऊन आलं की उडू लागतात. वाटेवरही उतरतात, तेव्हा खाली बघून पाय टाका.

ओढ्याकाठी रेडवूडची झाडं वर्तुळात उभी दिसतील, मध्ये जागा रिकामी. त्या रिकाम्या जागी मूळचं झाड होतं. १८४९ च्या सोन्याच्या धावपळीनंतर सॅन फ्रान्सिस्को बांधायला इथलं लाकूड गेलं आणि १८६० पर्यंत नुसते बुंधे उरले. त्याआधी खाडीत शिरणारी गलबतं पाण्याखालचा ब्लॉसम रॉक चुकवायला इथल्याच दोन उंच झाडांची खूण धरत. आजची झाडं त्या बुंध्यांना फुटलेली. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा त्या वर्तुळात उभा राहून मान वर करून फोटो काढतो आणि त्यात फक्त हनुवटी येते.

वर पिठलं-भाकरी नाही की ताकवाली मावशी नाही, तेव्हा डबा घरूनच न्या. आणि खाली दरीत फोनला रेंज नसते, हे मुलीला आधीच सांगा. नाहीतर तिचे अकरा मिस्ड कॉल गाडीपाशी आल्यावर एकदम वाजतील.