नोकरी सांभाळून घरच्यांसाठी स्वस्त, पौष्टिक कडधान्याची आमटी कशी करावी?

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे आमच्याकडे याचं उत्तर वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखं पट्टेदार कडधान्य. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे.

चौघांना एक वाटी पुरते. रात्री झोपताना भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या. कुकरला चार वाट्या ताजं पाणी, 5-6 शिट्ट्या, मग मंद आचेवर 10 मिनिटं. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. कच्चट घेवडा पोटाला बाधतो. टोमॅटो किंवा आमसूल दाणा शिजल्यावरच घाला, आंबटामुळे साल कडक राहते. मी एकदा घाई केली आणि चार जादा शिट्ट्या घालवल्या!

खरी वेळखाऊ गोष्ट म्हणजे वाटण. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण रविवारीच वाटून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस निघतात. संध्याकाळी फोडणी, दोन चमचे वाटण, चमचाभर कांदा-लसूण मसाला, की झालं. दाटपणासाठी बेसन नको, घेवड्याचेच पळीभर शिजलेले दाणे पळीने चेचा.

आठवड्यातून एकदा हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे त्याच्या पिठाचं पातळ कालवणही करा. पोरं नाक मुरडतात, पण भाकरी कुस्करून दिली की मुकाट खातात.