पेडल 'मारत' वाजवलेला कोराल प्रिल्यूड

प्रश्न असा : एका अनुवादात 'वादक पेडल मारत ऑर्गनवर कोरल प्रिल्यूड वाजवत होता' असं वाक्य आहे. 'कोरल प्रिल्यूड'ऐवजी 'आलाप' लिहिलं तर चालेल का?

'आलाप' नको. आलाप रागाचा. कोराल म्हणजे ल्यूथरपंथी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायचं गीत, आणि त्याच गीताची चाल घेऊन ते सुरू होण्याआधी ऑर्गनवर वाजवायची बांधीव रचना म्हणजे कोराल प्रिल्यूड. 'नांदी'चाही मोह होतो, पण नांदी काही पुढच्या पदाची चाल देत नाही. भजनात पेटीवाला आधी चाल वाजवून दाखवतो, ते काम याच्या सगळ्यात जवळचं. अर्थात जर्मन संगीतकार आणि ऑर्गनवादक बाख नुसती चाल देऊन थांबणारा नव्हे. कोरालमध्ये भलतेच सूर मिसळतो, त्यानं गाणारे गोंधळतात, म्हणून १७०६ मध्ये जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या चर्चच्या वरिष्ठांनी त्याला फैलावर घेतलं होतं!

मी मूळ शब्दच ठेवीन, पण 'कोराल' असा. 'कोरल' वाचलं की मला पोवळं दिसतं. पहिल्यांदा येईल तिथे ओळभर खुलासा करावा. त्यात 'स्तोत्र' टाळून 'गीत' म्हणावं, नाहीतर मराठी बायबल वाचणाऱ्याला स्तोत्रसंहिता आठवायची.

खरी गफलत 'पेडल मारत'मध्ये आहे. आपल्या डोक्यात संगीत नाटकातला ऑर्गन असतो : पाय भाता हलवतात, सूर बोटं काढतात. चर्चमधल्या पाइप ऑर्गनची पेडलं म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. भाता हलवायला बाखच्या काळी वेगळी माणसं असत. त्याचं 'नून कोम, डेअर हायडन हायलांट' (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही ६५९) ऐका. डावा हात एका कीबोर्डवर मधले दोन आवाज सांभाळतो. उजवा हात दुसऱ्या कीबोर्डवर चाल घेतो, पण इतकी नटवून की सुरुवातीचे काही सूर सोडले तर मूळ गीत पटकन हाती लागत नाही. आणि खाली पाय खर्जातली ओळ वाजवत असतात, संथ, एका लयीत, कुणी रमतगमत चालावं तशी.

तेव्हा वाक्य असं करा : 'वादक ऑर्गनवर कोराल प्रिल्यूड वाजवत होता, खर्ज पायांकडे होता.'