स्टॅम्प पेपरवर दत्तक होत नाही

प्रश्न : ताई, आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी 44 वर्षांची, मिस्टर 48. मुलगा अकरावीला आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने दहा वर्षांची एक मुलगी अडीच वर्षांपासून आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, आहे. तिचे वडील वारले. आईने विजापूरकडे दुसरं लग्न केलं, त्या घरात हिला जागा नाही. आईचा अधूनमधून फोन येतो. मुलगी आता कायमची आमची व्हावी असं वाटतं. ओळखीचे वकील म्हणतात, आईची सही घेऊन पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करू, आठवड्यात काम होईल. करावं का? आणि आईचे फोन बंद करावेत का? फोन आला की पोरगी दोन दिवस गप्प असते.

— एक वाचक

उत्तर : वकिलांना चहा पाजा आणि निरोप द्या. दोन घरांनी आपसात दत्तकपत्र करायचं, ती वाट 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याची. तुमची मुलगी समितीच्या आदेशाने तुमच्याकडे आली आहे, तिचं दत्तक 2015 च्या बाल न्याय कायद्यानेच व्हायला हवं. उद्या पासपोर्टच्या किंवा वारसाच्या वेळी कुणी बोट ठेवलं तर त्या स्टॅम्प पेपरचा उपयोग नाही.

इतकी वर्षं सांभाळलं म्हणजे हक्क लागला, असं पुष्कळांना वाटतं. कुळाच्या जमिनीचा नियम मुलांना लागत नाही. समितीने मुलीला ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. आई हयात आहे, म्हणून आधी आईचा निर्णय.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन तुमची इच्छा लेखी द्या. आईला समितीसमोर यावं लागेल. तिचं समुपदेशन होईल, आणि तिने मुलगी समितीच्या स्वाधीन केली तरी फेरविचाराला दोन महिने मिळतील. त्या दोन महिन्यांत तिच्याकडे साडीचोळी, मिठाई, पैसे काहीही पाठवू नका, कितीही चांगल्या मनाने. ‘जरा समजावून या’ म्हणून कुणाला विजापूरला धाडू नका. तिने निर्णय फिरवला तर तो तिचा अधिकार आहे. तसं झालं तरी मुलगी लगेच तुमच्या घरातून जाईल असं नाही. समितीने पुढे आदेश दिला तर ती अठराची होईपर्यंत फॉस्टर केअरमध्येच राहू शकते. हा पर्याय कमी दर्जाचा आहे असं मी मानत नाही.

समितीने मुक्त ठरवली, तर सांभाळणाऱ्या घराचा विचार आधी होतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं सांभाळलेलं असावं लागे, केंद्र सरकारच्या 2024 च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक तत्त्वांनी ती मुदत दोन वर्षांवर आणली. तुमची अडीच झाली. आठ वर्षांवरच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज 110 पर्यंत चालते, तुमची 92 भरते. अंतिम आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू आहे. फॉस्टर केअरसाठी दरमहा मिळणारी सरकारी मदत मात्र दत्तकानंतर थांबेल, तो हिशेब आजच करून ठेवा.

संमती दोन मुलांची लागते. एक तुमच्या मुलाची. अकरावीतला मुलगा ‘मला काय, करा’ म्हणतो, तेवढ्यावर जाऊ नका. खोली, खर्च, पुढे वाटणी, हे त्याच्याशी उघड बोला. दुसरी मुलीची, कारण ती पाच वर्षांपेक्षा मोठी आहे. तिला सगळ्यांनी गोल बसून विचारू नका, ती ‘हो’च म्हणेल. ‘हो म्हटलं तर आईचा फोन बंद होईल का?’ ही तिची खरी शंका असू शकते. ती ‘माहीत नाही’ म्हणाली तर समुपदेशकांना तसंच सांगा, तिच्या वतीने वाक्य पूर्ण करू नका. आडनावाचंही तिलाच विचारा. शाळेत ते एकदम बदललं की वर्गातल्या प्रश्नांना तिलाच तोंड द्यावं लागतं.

आता फोन. बंद करू नका. आईशी बोलून मूल गप्प होतं, यात काही बिघडलेलं नाही. तिला आई आठवते. उलट वेळ ठरवून घ्या, रविवारी जेवणानंतर वगैरे, आणि तिला दुसऱ्या खोलीत बोलू द्या. फोन ठेवला की ‘काय म्हणाली आई?’ हा प्रश्न नको. स्वयंपाकघरात जावेशी बोलताना ‘कसली आई ही’ असं तर मुळीच नको, भिंतीपलीकडे ऐकू जातं. दत्तकाच्या आदेशाने कायद्यातलं नातं तुमच्याशी जोडलं जाईल, म्हणून आईचा नंबर पुसायचं कारण नाही. मुलगी तुम्हाला काकू म्हणत असेल तर म्हणू द्या.

प्रश्न : मी अविवाहित शिक्षिका, वय 41. मला फॉस्टर केअरसाठी मूल मिळेल का? की नवरा लागतोच?

— अमरावती जिल्ह्यातील वाचक

उत्तर : 2024 पासून लागत नाही. वय किमान 35 हवं. एकट्या बाईला मुलगी किंवा मुलगा, कोणीही मिळू शकतं. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. मूल सहसा सहा वर्षांच्या पुढचं असेल, कदाचित भावंडांची जोडी असेल, आणि जोडी तोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गृहभेटीत तुम्हाला एक प्रश्न हमखास येईल : परीक्षेच्या ड्यूटीवर असताना मुलाला ताप आला तर घरी कोण? ‘बघू’ हे उत्तर चालत नाही. अशा वेळी घरी थांबणाऱ्या माणसाशी अर्जाआधी बोलून घ्या.

प्रश्न : दत्तकाच्या यादीत तीन वर्षं थांबलोय. आम्हाला तान्हं बाळ हवंय. आधी फॉस्टरला घेऊन मग दत्तक, असं लवकर होईल का?

— ठाणे

उत्तर : नाही. दत्तक देता येण्याजोगं मूल दीर्घकाळ फॉस्टरला द्यायचंच नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. बाळांसाठी रांग आहे. घराची वाट बघत थांबलेली मुलं आहेत ती सहा-आठ-दहा वर्षांची. नोंदणीत वयोगट वाढवायची तुमची तयारी असेल तर दोघांनी बसून ठरवा आणि मग केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर बदल करा. तयारी नसेल तर बाळाच्या रांगेतच थांबा, त्यात गैर काही नाही. फक्त फॉस्टरच्या अर्जावर सही करू नका.