गळकं शिशाचं छप्पर: ठिगळ लावायचं की बदलायचं, आणि निघालेलं शिसं कुणाचं?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये शंभरेक वर्षांचं जुनं घर घेतलं, मागच्या खोलीवरचं शिशाचं सपाट छप्पर गळतंय, दोनदा ठिगळं लावून झाली. आता सगळंच बदलावं का, आणि बदललं तर जुन्या शिशाचं काय करायचं? लेस्टरला आमच्या घरी अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वर चढून (किंवा कुणाला तरी चढवून) पत्रा कुठे फाटलाय ते बघा. आमच्या छपरावर मधोमध आडवी चीर होती आणि शेजारी पूर्वी कुणीतरी लावलेला डाख. डाखाच्या कडेला नवी चीर. आपल्याकडे पत्र्याच्या घरात ऊन चढलं की वरून टकटक आवाज येतो, तो पत्रा ताणल्याचा. शिसं तर लोखंडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. तीन मीटर लांबीचा शिशाचा पत्रा ५० अंशांच्या फरकाला चार मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि हिवाळ्यातल्या बर्फापासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत छपराला एवढा फरक सहज सोसावा लागतो. पत्र्याला सरकायला जागा नसेल तर तो आधी फुगतो, सुरकुततो, आणि वर्षानुवर्षं तिथेच दुमडून शेवटी चिरतो.

म्हणजे शिसं जुनं झालं म्हणून गळत नाही. पत्रा फार मोठा घातला म्हणून गळतं. आमच्याकडे तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असे फक्त दोन पत्रे होते. जाडी भरपूर, तरी चिरले. एखादं बारीक भोक असेल तर शिशाचाच तुकडा वितळवून जोडून घ्या, चालेल. चिरा पडायला लागल्या असतील तर ठिगळांवर पैसे घालू नका. डांबराची चिकटपट्टी मात्र पावसाळी आठवडा निभावण्यापुरती ठीक आहे.

शिशाची जाडी इथे ‘कोड’मध्ये मोजतात. कोड ५ म्हणजे २.२४ मिलिमीटर, चौरस मीटरला साधारण २५ किलो. सपाट छपरावर कोड ५ चा तुकडा दोन मीटरपेक्षा लांब नको, आणि उभे सांधे ६०० मिलिमीटरवर हवेत. आमच्या ७.२ चौरस मीटरला आठ तुकडे लागले: उभ्या सांध्यांना गोल पाठीच्या लाकडी पट्ट्या, त्यांवरून पत्रे एकमेकांवर वळवलेले, आणि मध्ये आडवी एक पायरी. कोटेशन देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुकडे किती आणि केवढे? उत्तर देताना चाचरला तर दुसरा माणूस बघा.

दुसरा प्रश्न खालच्या हवेचा. खोलीतली दमट हवा वर जाऊन गार शिशाला लागली की तिथे पाणी सुटतं आणि पत्रा खालून पांढऱ्या भुकटीसारखा झडत जातो. वरून काही दिसत नाही. शिसं ज्यांवर बसतं त्या फळ्यांखाली हवा खेळायला ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला सांगा. निम्म्याहून जास्त छप्पर बदलत असाल तर उष्णतारोधक थरही सध्याच्या नियमांप्रमाणे वाढवावा लागतो, ते कौन्सिलच्या बांधकाम विभागाला विचारून घ्या. घर संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय शिशाऐवजी दुसरं काही घालू नका. आणि काम झाल्या दिवशीच पत्र्यावर खास तेल फिरवायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात भिंतीवर पांढरे ओघळ येतात.

ती पांढरी भुकटी विषारी आहे. जुना पत्रा निघेल त्या दिवशी मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही दुसरीकडे पाठवा. छपराखालच्या खोलीतलं सामान झाका, केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता भंगार. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने कोटेशनमध्ये ‘जुना माल हलवण्याचा खर्च’ लावला होता. म्हणजे दोनशे किलो शिसं त्याने न्यायचं आणि वर त्याचे पैसे आम्ही द्यायचे! मला याचा मनापासून राग आला. शिसं हे काही राडारोडा नव्हे, त्याला रोज बाजारभाव असतो, आणि ते तुमच्या घराचं आहे. कामावर येण्याआधी लेखी ठरवा: एकतर शिसं तुमचं, किंवा त्याची किंमत बिलातून वजा. दुसऱ्या माणसाने तशी वजावट देऊ केली होती, पण आम्ही स्वतःच विकलं. वजन २१० किलो भरलं.

आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, काट्यावर तोलतो आणि रोख मोजून जातो. इंग्लंड-वेल्समध्ये तसं रोखीने भंगार घेणं बेकायदा आहे. चर्चच्या छपरांवरच्या शिशासकट धातूच्या इतक्या चोऱ्या झाल्या की २०१२ मध्ये रोखीवर बंदी आली आणि २०१३ च्या भंगार कायद्याने ती आणखी कडक केली. खरेदीदाराकडे कौन्सिलचा परवाना हवा, तो तुमचं नाव-पत्ता तपासणार आणि पैसे चेकने किंवा बँकेत देणार. कुणी रोख पुढे केले तर तिथून निघा. जाताना घराचा पुरावा आणि नव्या कामाचं बिल जवळ असू द्या. खिळे, लाकूड, डांबर आधी काढून घ्या, स्वच्छ शिशाला भाव बरा मिळतो. एकट्याने उचलू नका, गुंडाळी लहान दिसते पण तीस-चाळीस किलो सहज असते. आणि एक रात्रही पुढच्या अंगणात ठेवू नका. आम्ही मागच्या खोलीत ताडपत्रीवर ठेवून दुसऱ्या दिवशी नेलं.

एक राहिलं. नव्या छपराचं पाणी पिंपात साठवत असाल तर ते मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला घालू नका, फुलझाडांना घाला.