शेतात सापडलेली चार बोटं उंचीची मूर्ती: कुठली, किती जुनी?

तुमचा प्रश्न असा की आजोळच्या शेतात नांगरताना डोकं नसलेली, चार बोटं उंचीची दगडी मूर्ती निघाली, तर ती कुठली आणि किती जुनी? वरच्या उत्तरांत एकाने 'यादवकालीन' आणि दुसऱ्याने थेट 'सिंधू संस्कृती' असं ठोकून दिलंय. मी फोटोवरून काळ सांगत नाही. का, ते एका मूर्तीवरून सांगतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा शहराचं लाल दगडाचं एक पुरुषधड आहे. उंची 10 सेंटिमीटरांहूनही कमी. पोट जरासं सुटलेलं, अंग इतकं मऊ कोरलेलं की दगड आहे हे विसरायला होतं. मानेत आणि खांद्यांत भोकं आहेत, म्हणजे डोकं आणि हात वेगळे करून बसवायचे. खांद्यांवर पुढच्या बाजूला गिरमिटाने पाडलेले गोल खळगे आहेत. ते कशासाठी, यावर आजही एकमत नाही. माधोस्वरूप वत्स यांच्या उत्खननात, 1920च्या दशकाच्या अखेरीस ते मिळालं. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेल्या खुद्द जॉन मार्शलना ते इतकं जुनं असेल यावर आधी विश्वास बसेना. काही अभ्यासक ते हडप्पाकालीन मानतात, तर काहींना ते ऐतिहासिक काळातलं, पाटण्याजवळच्या लोहानीपूरला सापडलेल्या, बहुधा मौर्यकालीन धडाच्या जवळचं वाटतं. म्हणजे फरक दोन हजार वर्षांचा!

बरं, हे तज्ज्ञांनी खणून काढलेलं. पण हडप्पाच्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावासाठी गाड्या भरभरून उचलल्या गेल्या होत्या. थर विस्कटले की शैलीवरून तर्क लढवण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

उलट ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फची 11 सेंटिमीटरांची स्त्रीमूर्ती बघा. 1908 साली सापडली, मातीचा थर शाबूत, त्यामुळे वय ठरलं: सुमारे 30 हजार वर्षं. अडलं होतं ते दगडाचं गाव. तसा चुनखडक त्या भागात मिळत नाही. 2022 मध्ये स्कॅन करून आतले कण तपासले तेव्हा उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराकडचा खडक सगळ्यात जवळचा निघाला.

सांगायचा मुद्दा हा की वय सांगते माती, गाव सांगतो दगड. तुमची मूर्ती काळ्या बेसाल्टची असेल तर दगड बहुधा इथलाच. वालुकाश्म किंवा संगजिरं असेल तर तो आला कुठून, हा प्रश्न खरा रंगतदार.

आता कामाचं. मूर्ती घासू नका, तेल-शेंदूर तर अजिबात लावू नका (घरात कुणीतरी एव्हाना हळद-कुंकू वाहिलं असेलच, असो). खाचेतली माती तशीच राहू द्या. जिथे निघाली तिथे खूण करा, आणखी खणू नका. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी 1878चा निखात निधी कायदा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींसाठी 1972चा पुरावशेष कायदा. 'घेतो' म्हणणारा कुणी दारात आलाच तर चहा पाजून परत पाठवा.

आणि हो, ते शेत गावच्या पांढरीला (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या जागेला) लागून आहे का? बांधावर खापरं दिसतात का? असतील तर ती न हलवता त्यांचे फोटो टाका. काळी-तांबडी आहेत की नक्षीची, एवढं कळलं तरी काळाबद्दल मूर्तीपेक्षा जास्त कळेल.