यादीतला अकरावा

प्रिय,

तुझी यादी मिळाली. सतरा नावं, सतरा आकडे आणि प्रत्येक नावाखाली तुझी दोन-तीन वाक्यं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाच्या पन्नासाव्या सीझनमधल्या कलाकारांना सांगलीत बसून कुणी नंबर द्यावेत, याचं घरच्यांना हसू आलं असं तू लिहिलंस. मला नाही आलं. न्यूयॉर्कमध्ये तो शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होतो तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, थंडीत दहा. सांगलीतलं निम्मं विश्रामबाग तेव्हा बंबात पाणी तापायची वाट बघत असतं. तू मात्र २८ सप्टेंबर २०२४ पासून १७ मे २०२५ पर्यंतचा सगळा सीझन पाहिलास, जे हाती लागलं नाही ते शोधून काढलंस. एवढं पाहणाऱ्याला क्रम लावायचा हक्क आहे.

‘कलेला कसला नंबर?’ असं तुला पुष्कळ जण सांगतील. तिकडे लक्ष देऊ नकोस. एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून मी बसत आले. तिथे रात्री उशिरा पहिला, दुसरा आणि उत्तेजनार्थ असं कागदावर लिहून द्यावंच लागतं. कलेला नंबर नसतो हे वाक्य बहुतेक वेळा नंबर न आलेला माणूस म्हणतो, नाहीतर निकालाची जबाबदारी नको असलेला परीक्षक. तेव्हा यादी करावी का, हा प्रश्न आपल्या दोघांत नाहीच. तू नंबर कशाला दिलास, हा आहे.

मार्सेलो हर्नांडेझ पहिला आणि अँड्र्यू डिस्म्युक्स अकरावा. मार्सेलोच्या नावाखाली तू लिहिलंस, ‘डोमिंगो! विषय संपला.’ विषय तिथेच सुरू होतो. ते स्किट पुन्हा आठव. ऑक्टोबरमध्ये गायिका आरियाना ग्रांडे पाहुणी होती तो भाग. लग्नाचं जेवण चाललंय. नवरीच्या मैत्रिणी उठतात आणि एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर, बेसूर आवाजात, लग्नाआधीच्या सहलीत काय काय घडलं ते गाऊन सांगतात. आनंदाने, प्रेमाने सांगतात आणि सांगता सांगता डोमिंगो नावाच्या माणसाचं बिंग फोडतात. डोमिंगो स्वतः येतो अगदी शेवटी. तोवर ते स्किट कोण वाहून नेतं? टेबलाशी बसलेला नवरदेव. म्हणजे डिस्म्युक्स. मुली गातात ते नुसतं ऐकलं तर एक बेसूर गाणं आहे. हशा पिकतो तो त्या गाण्याची एकेक ओळ नवरदेवाच्या डोक्यात शिरते तेव्हा. तो ओरडत नाही, डोळे मोठे करत नाही, प्रेक्षकांकडे बघत नाही. पाहुण्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून धडपडणारा एक साधा माणूस तो शेवटपर्यंत राहतो. त्याने जरा जरी ‘बघा, मी किती चिडलोय’ असं दाखवलं असतं, तर शेवटी डोमिंगोच्या एन्ट्रीला टाळी पडलीच नसती. टाळी मार्सेलोने घेतली हे खरं. ती त्याच्यापर्यंत आणून कुणी पोहोचवली?

आपल्याकडे नाटकवाले याला ‘फीड देणं’ म्हणतात. तमाशात त्याहून जुनी सोय आहे. बतावणीत एक जण सरळ विचारतो आणि सोंगाड्या वाकडं उत्तर देतो. सरळ विचारणाऱ्याला सरळ राहता आलं नाही, तर सोंगाड्याचं वाकडं कुणाला कळणार? विष्णुदास भाव्यांच्या नाटकांतसुद्धा सुरुवातीला सूत्रधार गंभीरपणे ईशस्तवन करायचा आणि विदूषक त्यात बिब्बा घालायचा. तमाशातले कवलापूरचे काळू-बाळू आठव. तुझ्या आजोबांच्या पिढीने त्यांच्यासाठी जत्रेत रात्री जागवल्या. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, दिसायला इतके सारखे की मागे बसलेल्याला कोण काळू नि कोण बाळू ते कळायचं नाही. त्या दोघांना पहिला आणि दुसरा नंबर देऊन दाखव. जमलंच, तर हातातलं सगळं टाकून मी तुझी यादी छापायला देईन.

याचा अर्थ डिस्म्युक्सला पहिला कर असा नाही. तू अकराव्या नंबरच्या खाली ‘फारसा लक्षात राहत नाही’ असं लिहिलंस, त्यावर माझा आक्षेप आहे. लक्षात न राहणं हे अनेकदा त्याचं कामच असतं. याच कार्यक्रमात १९८६ ते १९९४ फिल हार्टमन होता. सहकाऱ्यांनी त्याला ‘ग्लू’ हे टोपणनाव दिलं होतं. स्किट सुटायला लागलं की ते धरून ठेवणारा माणूस. तुझ्या सतरा जणांत असा ग्लू कोण, हे ठरवल्याशिवाय पहिला कोण ते ठरवू नकोस. मला विचारशील तर मायकी डे आणि डिस्म्युक्स यांच्यात ती चुरस आहे. दोघेही कार्यक्रमात आधी लेखक म्हणून आले, नंतर कॅमेऱ्यासमोर. ते दिसतंही. वाक्य कुठे संपतं आणि हशा कुठून सुरू होतो, हे त्यांना कागदावरच ठाऊक असतं.

एक युक्ती सांगते. मी स्वतः वापरते. स्किट एकदा नेहमीसारखं पाहा, मनमोकळं हस. दुसऱ्यांदा आवाज बंद कर आणि बोलणाऱ्याकडे अजिबात बघू नकोस, ज्याला वाक्य नाही त्याच्याकडे बघ. तो ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट बघतोय, हे अर्ध्या मिनिटात कळतं. केनन थॉम्पसनला तू पाचवा ठेवून ‘ज्येष्ठ म्हणून’ असं कारण दिलंस. ज्येष्ठ तर तो आहेच. २००३ पासून आहे, इतकी वर्षं या कार्यक्रमात कुणी टिकलेलं नाही. पण ज्येष्ठतेला नंबर द्यायचा तर मग सातारा-सांगलीतल्या निम्म्या सत्कार समित्या तुझ्या पुढे जातील. आवाज बंद करून केननला पाहा. समोरचा मूर्खपणा करत असताना त्याच्या चेहऱ्यावर नुसतं ‘हं’ उमटतं, आणि तेवढ्यावर प्रेक्षक हसतात. पाचवा राहिला तरी चालेल, कारण बदल.

आता जरा तुझ्या यादीत न दिसणाऱ्या गोष्टीकडे येऊ. कुणाला काय मिळालं. या कार्यक्रमाचा आठवडा कसा जातो ते तुला माहीत आहे: सोमवारी त्या भागाच्या पाहुण्यासमोर कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून चाळीसेक स्किटं वाचायची. त्यातली थोडी उभी राहतात. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते आणि तिच्यानंतरही काही गळतात. उरलेली साडेअकराला थेट. कलाकार क्यू कार्डावर, म्हणजे समोर धरलेल्या वाक्यांच्या फलकावर, नजर ठेवून बोलतात, कारण शब्द शेवटच्या क्षणापर्यंत बदलत असतात. म्हणजे आपल्याला दिसतं ते दोन-तीन चाळण्यांतून उरलेलं. एखाद्याची चांगली स्किटं आठ वाजता पडली आणि साडेअकराला तो मागे वेटर म्हणून उभा राहिला, तर आपल्या हिशेबात तो वेटरच.

त्यातून हा सीझन अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा. कमला हॅरिस म्हणून माया रुडॉल्फ परत आली, बायडन म्हणून डेना कार्व्ही, तिच्या जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार टिम वॉल्झ याच्या भूमिकेला जिम गॅफिगन, हॅरिसच्या नवऱ्याला अँडी सॅमबर्ग. सगळे बाहेरचे. निवडणूक होईपर्यंत सुरुवातीच्या स्किटमधल्या मोठ्या भूमिका पाहुण्यांकडे आणि घरचे लोक कडेला. बोवेन यांगला जे. डी. व्हान्स मिळाला, ते वेगळं. ‘सीझनच्या सुरुवातीला टीम थंड होती’ हे तुझं वाक्य म्हणून मला पटत नाही. थंड नव्हती, बाकावर बसवलेली होती.

जेम्स ऑस्टिन जॉन्सन नववा. कारण, ‘फक्त ट्रम्पची नक्कल करतो.’ इथे मी तुझ्याशी सरळ भांडणार आहे. नक्कल म्हणजे आवाज, अशी आपल्याकडे गणेशोत्सवातल्या मिमिक्रीमुळे समजूत झाली आहे. निळू फुल्यांचा आवाज काढला, टाळी घेतली, खाली बसला. जॉन्सन आवाजाच्या पुढचं काहीतरी करतो. तो त्या माणसाचं भरकटणं पकडतो. वाक्य एका विषयावर सुरू होतं, मध्येच कुठल्या तरी भलत्याच गोष्टीत शिरतं आणि कधी परत येतं, कधी येतच नाही. ते पाठ करून येत नाही, त्या डोक्याने विचार करावा लागतो. शिवाय दुसरी गंमत बघ. बायबलमधलं एखादं दृश्य चाललेलं असतं, बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि हा मधून चालत पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलू लागतो. आपल्या पोरांना हे नवीन वाटावं? हा तर सूत्रधार आहे! त्या मागे थिजून उभ्या राहिलेल्यांचंही कौतुक कर, दाढी लावून न हलता उभं राहणं सोपं नसतं.

कॉलिन जोस्ट आणि मायकल चे यांना यादीतून बाहेर काढ. ते कार्यक्रमातल्या विनोदी बातम्यांच्या टेबलाशी बसतात, स्किटमध्ये क्वचित येतात. त्यांची तुलना एकमेकांशी होऊ शकते, हायडी गार्डनरशी नाही.

पण त्या टेबलाशी घडलेली एक गोष्ट तू पुरेशी पाहिली नाहीस. ईगो न्वोडिमला तू सातवी ठेवलीस. एप्रिलमध्ये ती मिस एगी नावाची विनोदकार बनून आली. रंगात येऊन तिने प्रेक्षकांपुढे एक वाक्य अर्धं सोडलं आणि स्टुडिओतल्या लोकांनी ते एका सुरात पूर्ण केलं, तेही चांगल्या कचकचीत शिवीने, थेट प्रक्षेपणात. पुढचे काही क्षण पाहा. ती दचकते, पण मिस एगीच राहते. आता दंड बसणार म्हणून ती उलट प्रेक्षकांनाच झापते, आणि तोही विनोद होतो. तमाशाच्या फडावर पब्लिकमधून आवाज आला की त्याला परतवणारा तोच खरा सोंगाड्या मानतात. क्यू कार्डावर हे नसतं. मी तिला पहिल्या तिनात घेतलं असतं.

तुझे शेवटचे तीन नंबर मला सगळ्यांत खटकले. अ‍ॅशली पडीया, एमिल वाकीम, जेन विकलाइन. तिघंही नवी. त्यांची नावं श्रेयनामावलीत वेगळी, मुख्य कलाकारांच्या नंतर येतात. वर्षभरात जे मिळेल ते करायचं आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल का याची वाट बघायची. जेनबद्दल तू ‘काय करते तेच कळत नाही’ असं लिहिलंस. ती कीबोर्डवर बसून सपाट चेहऱ्याने गाणी म्हणते. ते तुला आवडलं नसेल तर तसं लिही, पण ‘कळत नाही’ हा दोष तिच्या खात्यावर टाकू नकोस. सीझन संपल्यावर वाकीमला निरोप मिळाला. डेव्हन वॉकर, मायकल लाँगफेलो, गार्डनर आणि मग न्वोडिमही गेले. पंधराव्या-सोळाव्या नंबरच्या खाली चिमटा काढताना ध्यानात ठेव की त्या माणसाची नोकरी चाललेली असते.

शेवटी एक विचार. हीच वही घेऊन एकदा मराठीकडे ये. ‘चला हवा येऊ द्या’पासूनच सुरू कर. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांचे नंबर तू हशा मोजून लावशील. मग सागर कारंडेचा पोस्टमन येईल. हसवण्यासाठी जमलेल्या त्या मंचावर तो अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा आणि समोरची माणसं डोळे पुसायची. हशा शून्य. त्याला किती गुण देशील? आणि ‘हास्यजत्रा’ बघताना जपून. तिथे परीक्षक खुर्चीत बसून हसताना कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि आपणही हसतो, ते कलाकाराला की परीक्षकाच्या हसण्याला, हे वेगळं करता आलं पाहिजे. तिथेही आवाज बंद करायची युक्ती चालते.

भाषेबद्दल दोनच गोष्टी. सारा शर्मनचे केस आणि क्लोई फाइनमनचं दिसणं यांवर तू खर्च केलेली वाक्यं काढून टाक. पुरुषांपैकी एकाच्याही दिसण्यावर तू लिहिलेलं नाहीस, मी तपासलं. आणि ‘कडक’, ‘जबरा’, ‘खतरनाक’ हे शब्द सतरा नावांखाली इतके विखुरलेत की पहिल्याला वापरलेला ‘कडक’ बाराव्यालाही मिळालाय. एका यादीत एकदाच.

नवीन यादी रविवारी संध्याकाळी घेऊन ये. दुपारी येऊ नकोस, मी झोपलेली असते. डिस्म्युक्स अकरावाच राहिला तरी हरकत नाही, पण कारण तीन ओळींचं हवं, आणि त्यात ‘लक्षात राहत नाही’ हे शब्द नकोत.

तुझ्या
बाई